जुलैच्या पावसात पुणे ते वायनाड: परराज्यातले घाट, हवामानाचे इशारे आणि वाहतुकीचे नियम

चाकोरीबाहेर | १८ जून, रात्री ९.४०

नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण (मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा) पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघणार आहोत. गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि आकाराने लहान आहे. पहिल्या दिवशी हुबळी, दुसऱ्या दिवशी यल्लापूर आणि अंकोल्यावरून उडुपी, मग कण्णूरमार्गे वायनाड, तेथे दोन रात्री, पुढे बंदीपूरच्या जंगलातून म्हैसूर आणि हिरियूर-चित्रदुर्गावरून परत, असा आराखडा केला आहे. महाराष्ट्राबाहेर मी गोव्याखेरीज कधी गाडी नेलेली नाही. कर्नाटकात आणि केरळात नियम वेगळे आहेत का, कोणती कागदपत्रे जवळ ठेवावीत, आणि ऐन पावसाळ्यात हे घाट कितपत सुरक्षित आहेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. वायनाडहून सायंकाळी चारला निघून रात्री नऊपर्यंत म्हैसूरला जेवायला पोहोचावे, असा सध्याचा विचार आहे.

अधिनियम | १८ जून, रात्री ११.१५

आपल्या प्रश्नाचा कायद्याचा भाग आधी पाहू, कारण तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. पुण्यात जो गुन्हा आहे तोच मंगळूरला आणि कण्णूरला गुन्हा आहे. खाजगी गाडी फिरायला नेताना ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही आणि तेथील रस्ता-करही भरावा लागत नाही. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तरच नवी नोंदणी घ्यावी लागते. नाक्यावर कोणी 'एमएच' पाटी पाहून कराची भाषा करू लागले, तर शांतपणे पावती आणि कलम विचारावे.

फरक आहे तो दंडाच्या रकमेत. २०१९ च्या सुधारणेने रकमा वाढल्या. मात्र कलम २०० खाली जागेवर तडजोड करून किती रक्कम घ्यायची, हे राज्य सरकार ठरवते. म्हणूनच गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक रकमा खाली आणल्या आणि महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. सीटबेल्ट नसल्यास कायद्यातली रक्कम १,००० रुपये आहे. केरळात तडजोडीची रक्कम ५०० आहे. रक्कम कमी असली म्हणून केरळला सैल समजू नका. तेथे ५ जून २०२३ पासून ७२६ स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे दंड आकारणी सुरू झाली आणि त्यातले बहुसंख्य कॅमेरे हेल्मेट, सीटबेल्ट आणि हातातला मोबाइल टिपण्यासाठीच बसवलेले आहेत. ज्येष्ठ मंडळी मागच्या आसनावर पट्टा लावायला कुरकुरतात, असा माझ्या घरचा अनुभव आहे. मागच्या आसनावरही पट्टा बंधनकारक आहे आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसवल्यास स्वतंत्र दंड आहे, हे घरून निघण्यापूर्वीच सांगून टाकावे.

वेगाचेही तसेच आहे. केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरात आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा घातली. त्याखाली किती उतरायचे याचा अधिकार राज्यांना आहे. केरळने २०२३ मध्ये आपल्या मर्यादा नव्याने ठरवल्या, तेव्हा शहरातील मर्यादा ५० ठेवली. कण्णूर आणि कोळीकोड या पट्ट्यात एक गाव कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे आपल्याला कळत नाही, इतकी सलग वस्ती आहे. म्हणून तेथे रस्त्याकडे नव्हे, पाटीकडे पाहून वेग ठरवावा. कर्नाटकात १ ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० किलोमीटरच्या वर गेल्यास नुसता दंड न होता थेट गुन्हा नोंदवला जातो. आपल्या गाडीचा तो पिंड नसावा, तरीही सांगितले.

कागदपत्रांत परवाना, नोंदणीपुस्तक, विमा आणि पीयूसी. विमा आणि पीयूसीची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना, हे आजच पाहा. सर्व कागद मोबाइलवर चालतात.

मैलाचा_दगड | १९ जून, सकाळी ७.०५

वरच्या शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. मोबाइलवर चालतात, पण डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधलेच चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली जो बदल झाला, त्यात या इलेक्ट्रॉनिक स्वरूपाला मान्यता मिळाली. गॅलरीत काढून ठेवलेल्या छायाचित्राला नाही. शिवाय यल्लापूर ते अंकोला या टप्प्यात आणि बंदीपूरच्या जंगलात मोबाइलला पुष्कळ ठिकाणी जाळेच मिळत नाही. मूळ कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कप्प्यात ठेवावेत, हे उत्तम.

अधिनियम | १९ जून, सकाळी ८.३०

दुरुस्ती मान्य आहे. वकिलाने 'सर्व' हा शब्द जपून वापरायला हवा होता.

कृष्णाकाठ | १९ जून, दुपारी १.२०

कायद्याचे झाले, आता पावसाचे. आपल्या आराखड्यात घाटांची चिंता आहे, पण पहिला अडथळा घाटात नाही, आमच्या दारात आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पंचगंगेच्या पुरामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये बंद पडला होता. चार पदरी रस्ता आहे म्हणजे तो पुराच्या पातळीच्या वर आहे, असे होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलैत हे आकडे आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे तासातासाला विचारले जातात आणि स्थानिक बातम्यांत सहज मिळतात. निघण्याच्या आदल्या रात्री पातळी ३९ च्या आसपास असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी असेल, तर एक दिवस थांबावे किंवा सोलापूर-विजयपूरवरून हुबळी गाठावी. तो रस्ता लांबचा आहे, पण पर्जन्यछायेतला आहे.

दुसरी गोष्ट हवामानाच्या इशाऱ्यांची. आपण पुण्यात बसून पुण्याचा अंदाज पाहतो आणि तोच मनात धरून निघतो. हवामान विभागाचे इशारे जिल्हानिहाय असतात, म्हणून आपल्याला धारवाड, उत्तर कन्नड, उडुपी, दक्षिण कन्नड, कासरगोड, कण्णूर आणि वायनाड हे सात जिल्हे रोज पाहावे लागतील. कर्नाटकासाठी बंगळूरच्या आणि केरळासाठी तिरुवनंतपुरमच्या हवामान केंद्राचे पत्रक वाचावे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार, अशी त्यांची परिभाषा आहे. पुण्याला चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कितीतरी पट, म्हणजे ३,००० मिलिमीटरहून अधिक, किनारी कर्नाटकात पडतो. त्यामुळे तेथे पिवळा इशारा ही जुलैमधली नेहमीची स्थिती समजावी आणि गाडी चालवावी. नारिंगी असेल तर घाट फक्त उजेडात उतरावा. लाल असेल तर ज्या गावी आहोत तेथेच चहा घेत बसावे. केरळात लाल इशारा लागला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात आणि डोंगराळ जिल्ह्यांत पुष्कळदा रात्रीच्या प्रवासावर व पर्यटनस्थळांवर बंदी घालतात. ती बंदी मोडली तर वाहतुकीचा दंड होऊन सुटका होत नाही, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा लागतो.

आणखी एक नाजूक मुद्दा. चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात. सकाळी आकाश उघडलेले दिसले म्हणून डोंगर कोरडा झाला असे होत नाही, कारण रात्रभर मुरलेले पाणी दरडीला नंतर सोडवते. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर जी दरड कोसळली, ती सकाळच्या वेळी कोसळली, आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरची माणसे त्यात गाडली गेली. महामार्गासाठी उभा कापलेला डोंगर, खाली टपरी, पलीकडे गंगावळी नदी, अशी ती जागा होती. आपण यल्लापूरवरून खाली उतरलात की याच मार्गाने उडुपीकडे जाणार आहात. गाडी थांबवायची झाल्यास कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी थांबवू नका; चहा कितीही चांगला दिसला तरी गाव आल्यावर घ्या.

सह्यगिरी | १९ जून, सायं. ६.५०

हुबळी-अंकोला रस्त्यावरचा अरबैल घाट वळणांपेक्षा मालवाहू गाड्यांमुळे त्रास देतो. लोखंडाच्या खनिजाचा जमाना ओसरला, तरी अवजड वाहतूक आहेच. धुक्यात आपल्या पुढचा ट्रक हाच दिशादर्शक समजून त्याच्या मागे मागे जाण्याचा मोह होतो; तो थांबला तर आपल्याला वेळ मिळेल एवढे अंतर मात्र ठेवा.

धोक्याचे चारही दिवे लावून पावसात गाडी चालवण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, ती कृपया पाळू नका. ते दिवे उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत ते लावले की वळणाचा इशारा देण्याची सोय उरत नाही आणि मागच्याला आपण थांबलो आहोत की जात आहोत हे कळत नाही. पुढचे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, त्यामुळे मागचे दिवेही आपोआप लागतात, तेवढे पुरे.

पावसाळी_पाहुणा | १९ जून, रात्री ८.१०

मी सह्यगिरी यांच्याशी अर्धवट सहमत आहे. आंबोली घाटात दहा फुटांपलीकडचे दिसत नव्हते तेव्हा मी चारही दिवे लावले होते, आणि मागून येणाऱ्या बसने त्यामुळेच वेग कमी केला असे मला आजही वाटते.

सह्यगिरी | १९ जून, रात्री ८.४५

दहा फुटांपलीकडचे दिसत नसेल, तर गाडी चालत राहणे हाच मूळ दोष आहे. रस्ता सोडून सुरक्षित जागी उभे राहावे आणि मग चारही दिवे लावावेत.

म्हैसूरवासी | २० जून, सकाळी ९.३०

धाग्याच्या पहिल्याच लेखातले शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. मी गेली एकोणीस वर्षे म्हैसुरात राहतो आणि दर पावसाळ्यात महाराष्ट्रातून येणारे कोणी ना कोणी पाहुणे बंदीपूरच्या फाटकाशी अडकून मला दूरध्वनी करतात.

वायनाडहून म्हैसूरला येणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ सुलतान बत्तेरी, मुत्तंगा आणि गुंडलुपेट असा येतो, आणि त्याचा जंगलातला भाग रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. ही बंदी २००९ सालापासून आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती कायम ठेवली. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बस सोडल्यास कोणालाही आत घेत नाहीत. रात्री तेथे वाहनांखाली प्राणी मरत असत, हे त्यामागचे कारण आहे. उटीकडून मुदुमलै-बंदीपूर असा येणारा रस्ताही याच वेळेत बंद असतो. फाटकाशी 'आजारी आई गाडीत आहे' हे कारण तेथील कर्मचाऱ्यांनी हजारदा ऐकलेले आहे.

आता आपले गणित पाहू. चारला निघालात, तर नऊच्या आत फाटक ओलांडता येईल असे कागदावर दिसते. परंतु जुलैत वायनाडमध्ये पाच वाजताच ढगांमुळे संध्याकाळ होते, बत्तेरीच्या बाजारात वेळ जातो, आणि एखादे झाड पडलेले असले की तासभर तेथेच गेला. ज्या माणसाला फाटकाची वेळ गाठायची असते तो जंगलात वेग वाढवतो, आणि जंगलात वेग वाढवणे ही या प्रवासातली सर्वांत वाईट चूक आहे. गतिरोधक जागोजागी आहेत, पण हत्तीला त्यांच्याशी कर्तव्य नसते. दुपारी बाराला निघावे आणि उजेडात गुंडलुपेट गाठावे. जंगलात गाडी थांबवणे, खाली उतरणे आणि माकडांना किंवा हरणांना खायला देणे यांस बंदी आहे. वनखात्याचे लोक दंड करतात आणि तो रास्तच आहे.

उशीर झालाच, तर मानंतवाडी, कुट्टा, गोणिकोप्पल, हुणसूर असा वळसा रात्री उघडा असतो. नकाशाचे ॲप आपल्याला मानंतवाडीहून बावली आणि एच. डी. कोटे असा जवळचा रस्ता दाखवील; तोही नागरहोळेच्या जंगलातून जातो आणि रात्री बंद असतो. ॲपला अंतर कळते, फाटकाची वेळ नेहमी कळतेच असे नाही.

केरळात 'चुरम' हा शब्द पाटीवर दिसला की घाट आला असे समजावे. कण्णूरहून वायनाडला चढणारे नेडुंपोयिल आणि पालचुरम हे दोन्ही रस्ते अरुंद आहेत आणि पावसाळ्यात त्यांपैकी एखादा दुरुस्तीसाठी बंद असण्याची शक्यता धरून चालावे. कोळीकोडकडून येणारा नऊ वळणांचा तामरश्शेरी चुरम रुंद आहे, पण शनिवारी-रविवारी तेथे कोंडी ठरलेली. ३० जुलै २०२४ रोजी मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे दरडीत गेली, ती वायनाडमध्येच, मेप्पाडीच्या बाजूला. आपण मुक्काम कोठे करणार आहात? उतारावरच्या 'दरीच्या दृश्याच्या' खोल्या जुलैत घेऊ नका. कल्पेट्टा किंवा बत्तेरी गावात राहा.

चाकोरीबाहेर | २० जून, रात्री १०.१०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. म्हैसूरवासी, आम्ही मेप्पाडीजवळच एक उतारावरची खोली पाहिली होती. ती आज रद्द केली आणि बत्तेरीत नोंदणी केली. वायनाडहून निघण्याची वेळ दुपारी बारा अशी बदलली आहे. परतीच्या प्रवासात एक राखीव दिवस ठेवला आहे. गाडीची काय तयारी करावी, हे मात्र अद्याप कोणी सांगितले नाही.

मैलाचा_दगड | २१ जून, सकाळी ६.४५

टायर पाहा. खाचांच्या तळाशी आडव्या लहान उंचवट्यांची झिजदर्शक खूण असते. तिची उंची १.६ मिलिमीटर असते आणि रबर तिच्या पातळीला आले की टायर कायद्यानेही बाद होतो. पावसासाठी मी त्याच्या दुप्पट खाच असल्याखेरीज निघत नाही, कारण साचलेल्या पाण्यावरून गाडी तरंगत जाणे हे झिजलेल्या टायरवर फार कमी वेगात सुरू होते. वायपरची रबरे बदला. काचेवर आतून वाफ धरली की फडक्याने पुसत बसण्याऐवजी वातानुकूलन चालू करून झोत काचेकडे वळवावा, म्हणजे ती मिनिटभरात जाते.

विम्याचे एक कलम वाचा. पाण्यात गाडी बंद पडली आणि आपण पुन्हा किल्ली फिरवली, तर इंजिनात पाणी जाऊन जे नुकसान होते ते साध्या सर्वंकष विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. जोड असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलूनच बाहेर काढावी.

फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. तो चालला नाही तर यूपीआयने सव्वापट पथकर पडतो. राष्ट्रीय महामार्गावर कोठेही अडकलात तर १०३३ हा क्रमांक आहे. इतर सर्व संकटांसाठी ११२.

अधिनियम | २१ जून, सकाळी ११.००

एक राहिले. कण्णूर आणि कोळीकोड यांच्यामध्ये माहे लागते. ते केरळ नव्हे, पुदुच्चेरी आहे, आणि तेथे पेट्रोल व मद्य दोन्ही स्वस्त आहे. आपण त्या बाजूने उतरलात तर पेट्रोल खुशाल भरा. मद्यावरचा कर आणि वाहतुकीचा परवाना हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे बाटली घेऊन केरळात शिरताना तपासणी झाली तर ती 'फक्त भेट देण्यासाठी' असल्याचा उपयोग होत नाही. गोव्याहून येताना जे ऐकतो तेच येथेही लागू आहे.

चाकोरीबाहेर | २३ जुलै, रात्री ९.००

काल सुखरूप परतलो. वृत्तान्त थोडक्यात लिहितो, कारण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

निघण्याच्या आदल्या रात्री पंचगंगा इशारा पातळीच्या बरीच खाली होती, त्यामुळे नेहमीच्या मार्गानेच गेलो. हुबळीत सकाळी उठलो तर उत्तर कन्नडला नारिंगी इशारा होता. कृष्णाकाठ यांचे ऐकून लवकर निघालो आणि दुपारी एकच्या आत अरबैल घाट उतरलो. घाटात धुके होते, पण दिवसाचा उजेड होता. शिरूरपाशी वेग कमी केला तेव्हा बाबांनी विचारले, हीच का ती जागा, आणि पुढे कुमटा येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

कर्नाटकात एकदा कागद तपासले. मोबाइलला जाळे नव्हते. प्लास्टिकची पिशवी कामी आली. केरळात आईने पहिल्या दिवशी पट्टा लावायला नकार दिला होता. कॅमेऱ्याचा फोटो पत्त्यावर येतो आणि त्यात चेहरा दिसतो, असे मुलीने तिला सांगितले, त्यानंतर प्रश्न उद्भवला नाही.

वायनाडमधल्या दुसऱ्या रात्री पुढच्या दिवसासाठी लाल इशारा जाहीर झाला. राखीव दिवस हाताशी होता म्हणून बत्तेरीतच थांबलो. मुलीने दिवसभर पत्ते खेळून घेतले. तिसऱ्या दिवशी इशारा नारिंगीवर आला, तेव्हा साडेअकराला निघालो आणि मुत्तंग्याच्या पुढे रस्त्याकडेला हत्तीण आणि पिल्लू दिसले. गाडी न थांबवता हळू पुढे नेली. पुढच्या दोन गाड्या मात्र थांबल्या होत्या आणि एकातले गृहस्थ खाली उतरून चित्रण करत होते. ती गाडीही आमच्याच जिल्ह्याच्या पाटीची होती, हे लिहिताना बरे वाटत नाही.

चूक एक झाली. कण्णूरच्या अलीकडे ५० च्या टप्प्यात माझा वेग ६४ होता, आणि ई-चलन आज सकाळी मोबाइलवर आले. परिवहनच्या संकेतस्थळावर भरून टाकले.

पावसाळी_पाहुणा | २३ जुलै, रात्री ९.५०

वृत्तान्त आवडला. आम्ही दिवाळीत उटीला जाण्याचा विचार करतो आहोत, तेव्हा पाऊस नसेल ना?

म्हैसूरवासी | २३ जुलै, रात्री १०.२०

आपला पाऊस संपतो तेव्हा तेथील दुसरा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तामिळनाडूचा ईशान्य मोसमी पाऊस आहे. निलगिरीत शिरण्यासाठी मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास लागतो. तो ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, निघण्यापूर्वीच काढून ठेवा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात, म्हणून स्टीलच्या न्या. मसिनगुडीवरून उटीला जाणाऱ्या ३६ वळणांच्या कल्लट्टी घाटात बाहेरच्या गाड्यांवर निर्बंध आहेत, तेव्हा गुडलूरवरून जा. बाकीचे विचारायचे असेल तर तारखा ठरवून वेगळा धागा काढावा.